चिकातली गुठळी

चैत्र सरत आला की आमच्या गावात पहाटे चारलाच चुली पेटतात. घरात गॅस आहे, पण कुरोड्यांचा चीक मी अजून अंगणातल्या चुलीवरच शिजवते. एवढा मोठा गंज शेगडीवर नीट बसत नाही, आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, जाळ ओढून-सारून हवा तसा ठेवता येतो. त्या दिवशी शेजारची नवी सून मदतीला आली होती. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय तिच्या. ती सोऱ्याला आतून तेल लावत बसली होती आणि मी दांडा दोन्ही हातांनी धरून चीक घोटत होते. पांढरं पाणी हळूहळू घट्ट होत, मधूनच काचेसारखं चमकायला लागलं होतं. वासही बदलला होता; आंबूस गव्हाचा जाऊन शिजलेल्या पिठाचा, गोडसर. ती एकदम म्हणाली, "काकू, एक इचारू जी? तुमच्या घरी देवपूजा कधी होते? मी इतक्या येळा आली, मले त कधीच दिसली नाई." मी म्हटलं, "आम्ही कामं करता करताच प्रार्थना करतो गं. आताही चालूच आहे बघ." तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं, मग गंजाकडे. आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "मंग आता काय मांगतलं तुमी देवाले?"

मला सांगता येईना.

ओठ हलत होते हे खरं. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून 'आमेन'पर्यंत माझं बहुतेक चौथ्यांदा झालं होतं. पण त्यात मी काय मागितलं, कोणासाठी मागितलं, हे तिनं विचारेपर्यंत माझ्या मनातही नव्हतं. चीक उतरवायला अजून किती वेळ आहे, एवढंच मी त्या शब्दांवर मोजत होते. "सगळ्यांचं भलं मागितलं," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि सोऱ्याची चकती बसवायला लागली. तिचा माझ्यावर विश्वास बसला, हेच मला दिवसभर टोचत राहिलं. खाटेवरच्या धोतरावर कुरोड्या घालताना तिसऱ्या घाण्यात सोऱ्या अडला. उघडून पाहिलं तर चिकात गुठळी. हरभऱ्याएवढी, आत कच्ची पांढरी. मी ती बोटानं काढून बाजूला टाकली, पण माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी ती हातावर घेऊन माझ्याकडे पाहिलं असतं आणि विचारलं असतं, "कोणाचं नाव सुटलं?"

सासूबाईंचा तसा नियमच होता. चीक ढवळायचा तो नावं घेत. घरातल्यांपासून सुरुवात करायची, मग भाऊबंद, मग गल्ली, मग ज्यांच्याशी बोलणं बंद आहे ते, मग गावाबाहेर गेलेली माणसं. एका नावाला दांड्याचा एक फेरा, गंजाच्या तळाला लागून. हात थांबला की गुठळी होते आणि हात थांबतो तो मन थांबलं म्हणून, असा त्यांचा हिशेब. गुठळी निघालीच तर त्या खरोखर आठवत बसायच्या. एकदा आठवता आठवता दुपार झाली, आणि मग ताटावरून हात धुवून उठताना म्हणाल्या, "रामटेककडची आत्या. तिले म्या तीन वर्सं झाले इसरली." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून आत्याबाईंना कार्ड लिहून घेतलं.

मी या घरात आले १९८६ साली. माझं माहेर यवतमाळचं, सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या, आसपासच्या वस्तीतलं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. माझं सगळं बालपण आणि शिक्षण त्या मधल्या वर्षांतलं. देशभरातून आलेले विद्यार्थी आमच्या चर्चमध्ये गायचे, उपदेश करायचे. आमच्या घरी प्रार्थना म्हणजे प्रार्थना होती. संध्याकाळी सात वाजता रेडिओ बंद, हातपाय धुवून सगळे चटईवर, मधे कंदील, वडिलांच्या मांडीवर बायबल. एक गीत, एक अध्याय, मग गुडघे टेकून डोळे मिटायचे. डोळे किलकिले करून पाहिलं तर आईचा चिमटा बसायचा. तेव्हा मला वाटायचं, आणि आजही ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, की ज्याच्यासमोर आपण उभे राहतो त्याला दिवसातला एक अख्खा, न चिरलेला तुकडा द्यायला हवा. उरलासुरला नाही.

आणि इथं, दारव्ह्याच्या पलीकडच्या या गावात, तीन ख्रिस्ती घरांच्या वस्तीत, पाळकसाहेब महिन्यातून दोनदा यायचे. लिहिता-वाचता न येणारी माझी सासू डोळे उघडे ठेवून, हातात शेणाचा गोळा घेऊन देवाशी बोलायची. पहिल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं होतं, "आई, प्रार्थनेला डोळे मिटतात." त्या दूध तापवत होत्या. गंजावरची नजर न काढता म्हणाल्या, "मिटले असते, पोरी. पण मंग दूध उतू जाते. त्याले सांडलेलं दूध आवडत नाई."

मला तेव्हा ती पळवाट वाटली. मी मनातल्या मनात त्याला अर्धी प्रार्थना म्हणायचे.

त्यांचा दिवस कसा गुंफलेला होता ते कळायला मला बरीच वर्षं लागली. अंगण झाडताना लूकच्या शुभवर्तमानातली ती बाई असायची, दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडणारी. त्या वेळी सासूबाई वाट चुकलेल्यांसाठी मागायच्या, म्हणजे मुख्यतः माझ्या मोठ्या दिरांसाठी, जे दारूपायी घर सोडून गेले होते. केर गोळा करताना त्या खरंच वाकून त्यात पाहायच्या. चुलीत पहिली काडी टाकताना योहानाच्या शेवटच्या अध्यायातली गोष्ट: मेलेल्यांतून उठलेला प्रभू तलावाकाठी कोळशाचा विस्तव करून शिष्यांसाठी मासळी भाजतो आणि म्हणतो, या, न्याहारी करा. ती गोष्ट त्यांना फार आवडायची. "मरण जिंकून आला, तरी चूल पेटवली त्यानं," असं त्या म्हणायच्या, आणि फुंकणी फुंकता फुंकता धुरानं का कशानं त्यांचे डोळे पाणवायचे. शकुंतलेची, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीची, शिट्टी आली, तेव्हा ती वाफेच्या इंजिनावर चालायची आणि तिची शिट्टी शेतं ओलांडून दूरवर यायची, की हातातलं काम तसंच धरून प्रवासातल्या माणसांसाठी दोन शब्द. विहिरीवर पोहरा वर येईपर्यंत काहीच नाही. "ओढताना दम पुरत नाई, देवाले ठाऊक हाय," असं म्हणून त्या पाणी घागरीत ओतताना 'उपकार' एवढा एकच शब्द म्हणायच्या.

आणि भाकर. त्याबद्दल मला थांबून लिहायला हवं. प्रभूच्या प्रार्थनेत आपल्याकडे जे वाक्य आहे, 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे', ते मी लहानपणी हजारदा म्हटलं असेल. पण आमच्या घरी पोळ्या व्हायच्या, आणि 'भाकर' हा शब्द माझ्यासाठी बायबलातला शब्द होता, 'धन्यवादित'सारखा, जुना आणि पवित्र. इथे आल्यावर पहिल्याच रात्री मी सासूबाईंना ज्वारीची भाकर थापताना पाहिलं. पिठात आधणाचं पाणी, तळहाताच्या टाचेनं मळलेला गोळा, काटवटीत कोरडं पीठ, आणि मग थाप. दोन्ही हात, बोटं पसरलेली, भाकर आपली आपण फिरते आहे असं वाटावं. त्या प्रत्येक थापेला एक शब्द होता. आमची. रोजची. भाकर. आज. आम्हांस. दे. सहा शब्द, मग परत पहिल्यापासून, भाकर मोठी होईतोवर. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवताना त्या खाणाऱ्याचं नाव घ्यायच्या. ही मामंजींची. ही धाकट्याची. ही तुही. शेवटची एक जास्तीची असायची, तिला नाव नसायचं. ती टोपल्यात तळाशी ठेवायची, येईल त्याच्यासाठी. मी इतकी वर्षं तोंडानं म्हटलेलं वाक्य त्या रात्री निखाऱ्यावर टम्म फुगताना पाहिलं, आणि जेवताना मला घास गिळता येईना. नव्या नवरीला माहेरची आठवण आली असं सगळ्यांना वाटलं.

आता आमच्याही भागात ज्वारी कमी झाली. सोयाबीन आलं, रेशनचा गहू आला, रानडुकरांनी उरलीसुरली ज्वारी पेरू दिली नाही. टोपल्यात बहुतेक दिवस पोळ्या असतात. पोळी लाटली जाते, थापली जात नाही. लाटण्याला तो ठेका नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केला, ते शब्द लाटण्यावर बसतच नाहीत.

जात्याचंही असंच. मी आले तेव्हा गावात पिठाची गिरणी होती, पण डाळ भरडायला, कण्या काढायला जातं लागायचंच. सासूबाई आणि मी समोरासमोर बसायचो, खुंट्यावर चार हात. त्या गायच्या. गावातल्या बाया जात्यावर जनीच्या ओव्या गायच्या, विठ्ठल येऊन तिच्यासोबत दळू लागतो त्या. सासूबाईंचं बालपण त्याच ओव्यांत गेलेलं. त्यांच्या आईनं बाप्तिस्मा घेतल्यावरही चाली तशाच राहिल्या, ओवीतलं नाव तेवढं बदललं. नारायण वामन टिळकांनी हेच तर केलं होतं आपल्या मंडळीसाठी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, दोन वर्षांनी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अभंग आले, ओव्या आल्या, चर्चमध्ये टाळ-मृदंग आले. सासूबाईंना टिळक कोण हे माहीत नव्हतं. पदं सगळी पाठ होती. त्यांना वाटायचं ती पहिल्यापासून आहेतच, जातं आहे तसं.

पण जात्यावर बसलं की एक वचन त्यांना छळायचं. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात आहे: दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल व एक ठेवली जाईल. पाळकसाहेबांनी यावर उपदेश केला तेव्हा सगळी मंडळी गंभीर होऊन, आपण घेतले जाऊ की ठेवले जाऊ, याचा विचार करत बसली. सासूबाई घरी येईतोवर गप्प होत्या. मग लुगडं बदलताना म्हणाल्या, "एकीले नेलं, मंग मागं राहिली तिनं एकटीनं जातं कसं ओढावं? इतकं दळण राहिलं रायते." त्यानंतर मी पाहिलं, जात्यात पहिली मूठ टाकताना त्या दरवेळी हळूच म्हणायच्या, "नेशील त दोघीले ने."

मार्था आणि मरीयेवरचा उपदेश तर दरवर्षीच असायचा. मार्था कामात गुंतली आणि मरीयेनं चांगला वाटा निवडला, म्हणून बहिणींनो, मरीयेसारखं व्हा. उपासना संपली की पाळकसाहेबांचं आणि सोबत आलेल्या वडील मंडळींचं जेवण आमच्याकडे. पुरुष ओसरीवर बसून उपदेशावर बोलायचे आणि आम्ही चौघी-पाचजणी चुलीपुढं घामानं भिजलेल्या, आमच्यातल्या कोणालाच मरीया होता येत नव्हतं. याचा मला राग यायचा. आजही येतो. मामंजी पहाटे उठून तासभर बायबल वाचायचे, त्या वाचनाचं मला मोलही होतं, पण त्या तासात त्यांना दोनदा चहा लागायचा आणि तो करणारी बाई तेव्हा प्रार्थना कशात बसवायची हे शोधत असायची. कामात प्रार्थना मिसळावी असं सांगणारे पुष्कळ भेटले. ज्यांच्याजवळ कामाखेरीज दुसरा वेळच नाही, त्यांना हे सांगणं म्हणजे आहे त्या ओझ्याला फूल बांधून देणं तर नाही, असं मी एकदा सासूबाईंना चिडून विचारलंही. त्या तूर पाखडत होत्या. म्हणाल्या, "प्रभू मार्थेवर खेकसला नाई, पोरी. तिची दगदग त्याले पाहवली नाई, म्हणून बोलला." मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "आन् भाऊ मेला तवा सामोरी कोण गेली, मार्थाच ना?" मी घरात जाऊन बायबल काढलं. खरंच, योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजाराच्या मरणानंतर मरीया घरात बसून राहते आणि मार्था उठून रस्त्यावर प्रभूला गाठते. आणि तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस, ही साक्ष तिच्या तोंडची आहे. पुढच्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत जेवण आहे. तिथेही मार्था वाढते आहे. आणि या वेळी तिला कोणी काही बोलत नाही. हे सगळं माझ्या वाचण्यात होतं, इतकी वर्षं, सेमिनरीच्या सावलीत वाढूनही मला दिसलं नव्हतं.

मी त्यांना ब्रदर लॉरेन्सची गोष्ट सांगितली होती ती बहुधा त्याच सुमारास. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाक करणारा साधा बंधू. आधी सैनिक, जखमेनं पाय अधू झालेला, लिहिण्या-बोलण्यात फार मोठा नाही, आणि त्याला स्वयंपाकघराची मुळात आवड नव्हती. तरी भांड्यांच्या खडखडाटात आणि चारी बाजूंनी हाका येत असताना तो देवाच्या सहवासात तसाच असायचा जसा वेदीपुढं गुडघे टेकून. म्हातारपणी त्याला मठातल्यांच्या वहाणा दुरुस्त करायला बसवलं, तेही त्यानं तसंच केलं. १६९१ मध्ये तो वारला आणि मग लोकांनी त्याची पत्रं, त्याचं बोलणं गोळा केलं. वडिलांकडच्या एका पुस्तिकेतून मला हे कळलं होतं आणि मी मोठ्या उत्साहानं सांगत होते. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "चांगला माणूस," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "लेकरं होती का त्याले?" मी म्हटलं, नाही, मठात राहायचा. त्यांनी मान हलवली. नंतर आठ-दहा दिवसांनी चपलेचा अंगठा शिवताना त्यांच्या तोंडून त्याचं नाव आलं, 'लारेन बावा', आणि मग ते त्यांच्या यादीत कायमचं राहिलं. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी आपल्याकडे प्रार्थना करत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

'निरंतर प्रार्थना करा' असं पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलं. लहानपणी मला ते अशक्य वाटायचं; झोपायचं कधी? पण त्याच पत्रात तो सांगतो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कामधंदा केला. तो तंबू करणारा माणूस होता. सुई-दाभणानं बोटं सोललेली असणार त्याची. आणि ज्याच्यासाठी तो हे लिहीत होता, तो प्रभू स्वतः सुमारे तिसाव्या वर्षापर्यंत नासरेथात सुतारकाम करत राहिला. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानात जवळपास काही नाही. मला आताशा वाटतं, त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून नव्हे, ते घरोघर तसंच असतं म्हणून.

गावात कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सगळ्यांच्या शेतात सीतादही होते. दही-भाताचा नैवेद्य घेऊन बाया शेतात जातात. आमच्या घरी सासूबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गुडघे टेकायच्या, पहिलं फुटलेलं बोंड ओंजळीत धरून. मग तेच बोंड ओटीत टाकून वेचायला लागायच्या, आणि वेचताना पुन्हा नावं. बोंडाच्या टोकांनी बोटं चिरायची. दही-भात त्याही न्यायच्या, शेजारणींबरोबर बसून खायला. कोणी त्यांना आमच्यात का बसता विचारलं नाही आणि त्यांनी कोणाला तुमचं काय चाललंय विचारलं नाही.

२०१७ मात्र आठवलं की हात गार पडतात. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. कीटकनाशकाचा फवारा खाली मारायचा तर तो तोंडावर उडायचा. पोळा झाला आणि यवतमाळच्या दवाखान्यात माणसं भरती होऊ लागली. कोणाला दिसेना, कोणाला श्वास घेता येईना. काहीजण परत आले नाहीत. आमच्या घरी फवारणीचा सदरा मी वेगळ्या बादलीत धुवायचे, हापशीपासून लांब, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. तो वास साबणानं जात नाही, नाकात बसतो, रात्री उशीत येतो. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या, ओट्यावर बसून असायच्या. त्या तिथून नावं सांगायच्या आणि मी सदरा पिळता पिळता म्हणायचे. अमक्याचा थोरला. तमक्याचा जावई. प्रत्येक पिळाला एक. माझ्या आयुष्यात कामाच्या वेळी इतकी खरी प्रार्थना मी कधी केली नसेल, कारण नवऱ्याचा सदरा हातात होता आणि ती सगळी नावं त्या सदऱ्याच्या मापाची होती.

मग बोंडअळी आली. बोंडं बाहेरून धडधाकट, फोडली की आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. दिवाळीनंतर गल्लीतल्या एका घरातला कर्ता माणूस गेला. स्वतःच्या हातानं गेला. त्या घरी चूल पेटणार नव्हती. सासूबाई उठल्या, काटवट मागवली, कितीतरी दिवसांनी स्वतः पीठ मळायला बसल्या. हात थरथरत होते, भाकरी वाकड्या झाल्या. थाप पडत होती पण शब्द येत नव्हते. मी वाट पाहत होते. शेवटी विचारलं, "आई, म्हणत नाही?" त्या म्हणाल्या, "आज नाई येत. आज नुसत्या भाकरी नेऊ." अठरा भाकरी आणि गंजभर वरण घेऊन आम्ही गेलो. त्या घरची म्हातारी दारातच बसली होती. सासूबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तिचे पाय दाबायला घेतले. दोघी एकाच वयाच्या. तासभर कोणी बोललं नाही.

सासूबाई २०१९ च्या उन्हाळ्यात गेल्या. जातं न्हाणीशेजारी उभं करून ठेवलंय, कोंबड्या त्याच्या सावलीत बसतात. आता माझ्या घरी मिक्सर आहे, कुकर आहे, मुलीनं मोबाईलवर घालून दिलेलं रोजचं वचन सकाळी सहाला येतं. कामं खरं तर सोपी झाली. मीही त्यांच्यासारखीच काम करता करता प्रार्थना म्हणते, वर्षानुवर्षं म्हणते आहे, आणि गावातल्या चार बायकांना अभिमानानं सांगतेही. आणि त्या पोरीनं एका प्रश्नात दाखवून दिलं की माझ्या प्रार्थनेत कोणी नव्हतं. नावं कधी गळत गेली मला कळलं नाही. बहुधा एकेक करून. दीर परत आले आणि गेले, ते नाव संपलं. आत्या गेल्या. मुलगी पुण्याला, तिच्याशी रोज फोनवर बोलते म्हणून तिचं नाव देवापाशी घ्यायचं राहून जातं. शब्द तेवढे उरले, धान्य काढून घेतल्यावर पोतं राहतं तसे.

सासूबाईही प्रार्थनेवर वेळ मोजायच्या. अंडी उकडायला अमुक वेळा 'आमच्या पित्या', भात वाफेला ठेवला की तमुक वेळा. त्यावरून मी लग्नानंतर त्यांना टोकलंही होतं, की देवाच्या शब्दांचं असं घड्याळ करू नये. त्या म्हणाल्या होत्या, "घड्याळ नव्हतं घरात. प्रार्थना होती." तेव्हा मी निरुत्तर झाले होते. पण आज माझ्या भिंतीवर घड्याळ आहे, कुकरची शिट्टी आहे, हातात मोबाईल आहे. मला प्रार्थनेचं घड्याळ करायची काही गरज नव्हती.

त्या रात्री मी बऱ्याच वर्षांनी चटई टाकली आणि माहेरी बसायचो तशी बसले, दिवा लावून, डोळे मिटून, मांडीवर बायबल घेऊन. काही आलं नाही. उन्हाळ्याची रात्र, अंगणात वाळत घातलेल्या कुरोड्यांचा वास, पंख्याचा आवाज. खूप वेळानं, डोळे मिटलेले असतानाच, माझे हात मांडीवर आपोआप गोल फिरायला लागले. ढवळल्यासारखे. मी फिरू दिले.

दोन दिवसांनी शेजारी चीक होता. तिची सासू गुडघ्यानं बेजार, म्हणून पोरीनं मला पहाटेच हाक मारली. अंधारात चूल पेटलेली, तिनं आधण ठेवलेलं, मीठ-हिंग घातलेलं. चीक ओतताना तिचा हात कापत होता. पहिलाच चीक तिचा. मी दांडा घेतला. ती समोर उकिडवी बसली, पऱ्हाट्या सारत. पाचेक मिनिटं आम्ही काहीच बोललो नाही. मग मी सुरू केलं, तोंडातल्या तोंडात नाही, तिला ऐकू जाईल असं. आधी घरधनी. मग मुलगी, जावई. मग तिच्या सासूचे गुडघे. मग ज्या घरी आम्ही अठरा भाकरी नेल्या होत्या तिथली म्हातारी, ती अजून आहे, आता दिसत नाही तिला. मग ज्यांच्याशी धुऱ्यावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे ते, त्या नावाला माझा दांडा जरा अडलाच. ती कान देऊन ऐकत होती. चीक घट्ट व्हायला लागला, दांडा जड झाला, माझे दंड भरून आले. तिनं उठून न बोलता दांड्याला वरून हात लावला, मग दोघींचे चार हात त्यावर आले, जात्याच्या खुंट्यावर असायचे तसे.

"काकू," ती म्हणाली, "माह्या मायचं नाव घ्या जी. लय दिवसांची दुखन्यात हाय."

मी तिला तिच्या आईचं नाव विचारलं. वर्ष होत आलं होतं तिला आमच्या शेजारी येऊन, मला ते माहीत नव्हतं.